आईला न सांगायचं घर

पवनार, १८ जुलै १९९९

आदेश,

…राख काढून झाली, चूल सारवली, आणि शेणाचे हात तसेच घेऊन मी दारात आले, तर तू उंबऱ्यावर आडवा झोपलेला. पाय घरात, डोकं अंगणात. रात्री उकडत होतं म्हणून वाऱ्याच्या बाजूला सरकत सरकत तू तिथवर गेला असशील. तुझ्या केसांत कडुनिंबाचा फुलोरा पडला होता. मी तुला ओलांडून पाण्याला गेले. परत आले तेव्हा पुन्हा ओलांडलं. शेळी सोडायला, अंबाडी निवडायला, पाटीखाली चुंबळ ठेवायला, दर वेळी तुला ओलांडूनच. नदीवर धुकं नव्हतं, तरी सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसत होतं, कारण माझी झोप पुरी झाली नव्हती. मग तू डोळे न उघडता म्हणालास, "माय, चहा." आणि मी म्हटलं, "आधी दार मोकळं कर."

ही तू गेलास त्या दिवसाची सकाळ नाही. ती मला आठवतच नाही. पुष्कळ आठवून पाहिली. ही त्याच्या आधीची कुठली तरी, काहीच न घडलेली सकाळ आहे. तीच येऊन बसते.

तू हसशील की आई बोलते एक आणि लिहिते पुस्तकातल्यासारखं. पण मी लिहायला शिकले तीच पुस्तकातून. तू पहिलीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचास आणि मी समोर बसून भाजी चिरायचे, म्हणून मला अक्षरं आधी उलटी ओळखू आली. अजूनही कोणाच्या हातातलं वर्तमानपत्र समोरून वाचायचं म्हटलं तर मला सोपं जातं. तुझे बाबा म्हणायचे, "ही डोक्यावर उभी राहून शिकली." ते गेल्याला सहा वर्षं झाली. पेरणीच्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. हे तुला माहीत आहे. तरी मी दर पावसाळ्यात कोणाला तरी सांगतेच. यंदा तुला सांगितलं.

आता कामाचं लिहिते. परवा वासुदेवराव आले होते. तुला आठवतील, शाळेत कवायत घ्यायचे, शिट्टी गळ्यातच असायची. आता रिटायर झाले. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोट्ट्यांची कबड्डी घेतात. त्यांचं म्हणणं असं की सातपर्यंत खेळून दमलेला मुलगा आठ वाजता हायवेच्या ढाब्यांकडे जाणारी कारंज्याची गाडी धरत नाही. जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी हे. जे गेले त्यांच्यासाठी ते आणि त्यांचे चार-सहा सोबती दुसरं एक काम करतात. त्याला नाव नाही, पाटी नाही. लोक त्याला घरबदल म्हणतात.

तू काय करतोस ते मला माहीत आहे. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि माल येतो बाहेरून हायवेने. त्या गाडीच्या पुढे मोटरसायकलवर जाऊन नाका मोकळा आहे का ते पाहणारा, त्याला तुम्ही पायलट म्हणता. मला वासुदेवरावांनीच सांगितलं. मी म्हटलं, "पायलट म्हणजे विमानाचा असते ना?" ते म्हणाले, "पोट्ट्यायले पण तसंच वाटते, वहिनी. म्हणून तर जातात."

ते तुला भेटून आले. म्हणजे ढाब्यावर तुझ्या समोरच्या बाकावर बसून चहा पिऊन आले. तू त्यांच्याशी बोलला नाहीस. ते दर शनिवारी जाणार आहेत, आणि दर शनिवारी एवढंच म्हणणार आहेत की पुढच्या शनिवारी येतो. ज्या दिवशी तू उठून त्यांच्या मागे चालू लागशील त्या दिवशी ते तुला घेऊन येतील.

मी म्हटलं, "कधीही आणा. दार उघडंच आहे."

ते म्हणाले, "इथं नाई आणणार."

मला राग आला. माझ्या पोराला माझ्या घरी आणायचं सोडून कुठे नेणार? त्यांनी शांतपणे विचारलं, "पोरगं टोळी सोडते, तेव्हा टोळी सगळ्यात पहिले कुठं जाते?"

"घरी."

"मंग?"

तुमच्यातला तो आर्वीकडचा मुलगा उन्हाळ्यात सुटून घरी आला होता. त्याला त्याच्याच अंगणात, आईच्या समोर मारलं. दोन्ही पाय गेले त्याचे. तेव्हापासून वासुदेवरावांनी नियम केला. सुटलेला मुलगा दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्याच आईच्या घरी, दुसऱ्या नावाने राहायचा. वर्षभर तरी. तिथे हाताचं काम शिकायचं. आणि त्याचं घर कोणतं ते त्याच्या आईला सांगायचं नाही.

"आईले पण नाई?"

"आईलेच नाई. बाकीच्यायले कोण विचारते?"

ढाब्यावर पत्र पाठवू नका म्हणाले, लिहा आणि माझ्याजवळ द्या. तू सुटलास की सगळी एकदम देईन. म्हणजे हे तू वाचत असशील तर तू सुटला आहेस, आणि मला माहीत नसलेल्या कुठल्या तरी घरात बसला आहेस. तिथे कंदील आहे का लाईट, ते मला दिसत नाही.

माय


पवनार, ८ ऑगस्ट

आदेश,

घरी माझ्या मावसबहिणीचा मुलगा राहायला आला आहे. नाव हेमराज. मला मावसबहीण नाही हे तुला माहीत आहे, गावाला माहीत नाही. एवढ्यावरून काय ते समज.

वासुदेवराव म्हणाले होते की ज्या आयांना या कामाचं दुखणं कळतं त्यांच्याच घरी मुलं चांगली राहतात. मी हो म्हणायला तीन दिवस घेतले. मला वाटत होतं की तुझी जागा दुसऱ्याला दिली तर ती भरून जाईल, आणि तू आलास की देव म्हणेल, आता जागा नाही. असं काही नसतं. पण रात्री पडल्या पडल्या असलंच सुचतं.

तो एकोणीसचा आहे. अल्लीपूरकडचा, दुकानदाराच्या घरचा. हात मऊ आहेत. पहिल्या दिवशी कोयत्याने बोट कापून घेतलं. आता वर्ध्याला मोटरपंपाच्या दुकानात शिकायला जातो, संध्याकाळी अंगाला ग्रीसचा वास घेऊन येतो. तुमच्याच धंद्यात होता, पण दुसऱ्या टोळीत, हिंगणघाटच्या बाजूने. तुझं नाव त्याने ऐकलेलं नाही. मी विचारलं होतं.

गंमत अशी की हेमराज म्हणून हाक मारली तर तो वळतच नाही. मी अंगणातून "हेमराज, हेमराज" करते आणि हा आत बसून दोरी वळतो. शेजारच्या नत्थूजींना वाटलं पोरगं बहिरं आहे. ते आता त्याच्याशी कानाजवळ येऊन, ओरडून बोलतात. "काय रे बावा, जेवला का?" हा लाजून मान हलवतो. बहिरा तर बहिरा.

सुरुवातीला त्याला झोप नव्हती. रस्त्यावर मोटरसायकल गेली की उठून बसायचा आणि आवाज पुलापलीकडे जाईपर्यंत ऐकत राहायचा. मी उशाशी बसून वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्याने वाचते. त्याला समजावं म्हणून नाही, आवाज चालू राहावा म्हणून. वाचता वाचता मलाच डुलकी लागते, आणि डुलकीत पुस्तकातली माणसं आपल्या धाम नदीच्या खडकांवर येऊन बसतात. त्यांत तुझे बाबाही असतात. पाण्यात पाय सोडून, मला पुढचं पान उलट म्हणतात. जाग येते तेव्हा पान उलटलेलं असतं आणि हा पोरगा झोपलेला असतो.

परवा पहिल्यांदा एक गाडी गेली आणि तो उठला नाही.

माय


पवनार, १० सप्टेंबर

आदेश,

काल पोळा झाला. एक चूक झाली आहे. चूक म्हणावी की नाही हेही मला ठरवता येत नाही.

पिठोरी अमावास्येला मी तुझ्यासाठी ताट करायचे ते तुला आठवत असेल. खीर-पुरीचं ताट खांद्यावरून मागे धरायचं, मागे वळून पाहायचं नाही, आणि विचारायचं, "अतित कोण?" तू मागे उभा. पाच-सहा वर्षांचा होतास तेव्हा हसू आवरायचं नाही तुला. "मी, आदेश," म्हणून ताट ओढायचास आणि खीर माझ्या पाठीवर सांडायचास. बाबा गेल्यावर बायका म्हणाल्या की आता तू हे करू नये. मी म्हटलं, नवरा गेला, पोरगा तर आहे. करत राहिले. तू गेल्यावरही केलं. रिकाम्या घरात पाठमोरी बसून तीनदा विचारते, थोडं थांबते, आणि मग ताट खाली ठेवते. थांबते त्या वेळात घरात फार शांत असतं. नदीचा आवाज आत येतो. त्या शांततेची मला सवय झाली आहे. खरं म्हणजे वर्षभर मी तिची वाट पाहते.

काल तसंच बसले. पोरगा अंगणात होता, त्याला मी काही सांगितलं नव्हतं. दारात नत्थूजी बैल घेऊन आले होते, ओवाळायला थांबले होते. शिंगांना बेगड, गळ्यात नव्या घागरमाळा. मी म्हटलं, जरा थांबा जी, एवढं करून घेते. ताट मागे धरलं. "अतित कोण?" काही नाही. "अतित कोण?" बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. तिसऱ्यांदा विचारलं आणि थांबले. नदी आत यायला लागली होती.

तेवढ्यात ताट हलकं झालं.

"मी," मागून आवाज आला. "योगेंद्र."

मी वळले नाही. वळायचं नसतं.

नंतर मी त्याला विचारलं, अरे, हेमराज काऊन नाही म्हटलं? तो खरोखर चकित झाला. म्हणाला, "मावशी, तिथं खोटं नाव कसं सांगाव? आई विचारते ना." त्याच्या घरी त्याची आई असंच करते. पाठमोऱ्या बाईने ताट धरून विचारलं की त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं. ढाब्यावर, नाक्यावर, पोलिसांसमोर त्याने शंभर खोटी नावं सांगितली असतील. इथे सुचलंच नाही.

नत्थूजींनी सगळं ऐकलं. मी बैलांना ओवाळलं, पुरणाची पोळी खाऊ घातली. ते दावं हातात घेऊन जायला निघाले आणि दारात थांबून म्हणाले, "वहिनी, भाचा बहिरा नाई वाटते."

"आता बरा झाला," मी म्हटलं.

"अन् बरा झाल्यावर नाव पण बदललं?"

ते हसत गेले. माणूस चांगला आहे, पण त्यांची लेक अल्लीपूरला दिलेली आहे आणि उद्या ते तिच्याकडे जाणार आहेत. आज दिवसभर मला त्यांच्या घरी जाऊन सांगावं वाटत होतं की बोलू नका. पण सांगितलं तर ते नक्की बोलतील, असंही वाटलं. गेले नाही.

तुझ्यासाठी केलेली खीर त्याने खाल्ली. वाटी चाटून पुसून ठेवली. हे तुला सांगावं असं वाटलं.

माय


पवनार, २० सप्टेंबर

आदेश,

काल दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चांगल्या घरच्या, घामाने पदर चिकटलेला. एसटीतून उतरून विचारत विचारत आल्या होत्या. रविवार असल्यामुळे पोरगा घरात होता, आतल्या खोलीत.

"बाई, इथं योगेंद्र नावाचा पोरगा राह्यते का?"

मी दारात उभी राहिले. "नाई जी. माया मावसबहिणीचा पोरगा राह्यते. हेमराज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. दोरीवर एक टॉवेल वाळत होता, दोन टोकं गाठ मारून बांधलेला. त्याची तशी सवय आहे. त्यांची नजर त्या गाठीवर थांबली, आणि मला कळलं की त्यांना कळलं.

"बरं," म्हणाल्या. "पाणी मिळन का?"

मी पाणी दिलं. त्या ओट्यावर बसल्या, भिंतीला पाठ लावून. भिंतीपलीकडे तो. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या खाली ठेवला आणि मोठ्याने बोलायला लागल्या. माझ्याकडे पाहत होत्या, पण इतक्या मोठ्याने कोणी समोरच्या माणसाशी बोलत नाही.

"मी शकुंतला. आमचं अल्लीपूरले किराणा दुकान आहे. सगळे चांगले आहेत घरी. पोराचे बाबा पण बरे आहेत. पहिले लय चिडले होते, आता नाई. आता दुकानात लाईटवरचा काटा आणला त्यायनं. आकडे लाल लाल येतात. ते चष्मा लावून उलट्या बाजूनं पाहतात अन् गिऱ्हाईकालेच विचारतात, किती झालं हो."

मी म्हटलं, "असं."

"आचलचं लग्न जमलं. माया पोरीचं. उन्हाळ्यात आहे. पोरगा नागपूरचा आहे. स्वभावानं लय चांगला. उंचीनं जरा कमी आहे. म्हणजे, फोटो काढाचा तर त्याले पाटावर उभं करा लागते."

भिंतीपलीकडे फस्सकन आवाज झाला. हसू दाबताना नाकातून येतो तसा.

ऊन अंगणात पसरलं होतं, शेळी रवंथ करत होती. मला वाटलं हे सगळं मी पाण्याखालून पाहते आहे.

"मांजर आहे," मी म्हटलं.

"मांजरच असन," त्या म्हणाल्या. आवाज हलला नाही त्यांचा. "आमच्या घरी पण होतं असंच एक. दूध नाई प्याचं. चहा प्याचं, तो पण बशीत."

"हे पण तसंच आहे," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "जेवते चांगलं."

त्यांनी डोळे मिटले. मग उठल्या, निऱ्या झटकल्या. "येते बाई. चुकीच्या घरी आली मी. तुमाले तरास दिला." खोलीकडे एकदाही वळल्या नाहीत. फाटकाशी गेल्यावर भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, जसं चक्कर आल्यावर माणूस उभं राहतं. मग गेल्या.

तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी जेवण आत नेऊन दिलं.

आज पहाटे वासुदेवराव आले. त्यांना मीच निरोप पाठवला होता. नियमच तसा आहे. आईला घर सापडलं म्हणजे उद्या बाकीच्यांना सापडेल. पहिल्या गाडीने त्याला हलवायचं ठरलं. तो मला म्हणाला, "मावशी, माई आई आली म्हणून मले जा लागते का?" मी हो म्हटलं. त्याला दुसरं काय सांगणार? पंपाच्या दुकानात त्याच्या हाताला नुकतं वळण लागलं होतं. हेमराज म्हटलं की मागच्या आठवड्यापासून तो वळून पाहायला लागला होता. आता पुन्हा नवं गाव, नवं नाव, पुन्हा पहिल्यापासून मोटरसायकली ऐकणं.

गाडी सुटताना त्याने खिडकीतून हात केला नाही. पुढे पाहत बसला होता. तू रुसलास की तसाच बसायचास.

कोणत्या गावी नेला ते मला सांगितलं नाही. मी आता त्याची आईच झाले म्हणायची.

माय


पवनार, ३ नोव्हेंबर

आदेश,

तू उठलास.

वासुदेवरावांनी काल सांगितलं. शनिवारी ते चहा पिऊन निघाले, पुढच्या शनिवारी येतो म्हणाले, आणि रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर उभे राहिले. गाडी आली. ते चढले. मागून तू चढलास, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसलास. ते म्हणाले, "मी मागं पाह्यलंच नाई, वहिनी. वाटलं, पाह्यलं तर उतरन."

"कुठं नेलं?" मी विचारलं.

"वहिनी."

"बरं, गाव नका सांगू. दार कोणीकडे आहे घराचं?"

"पूर्वेकडे."

"नदी आहे का?"

"विहीर आहे."

"घरात कोण आहे?"

"एक म्हातारी आहे. आता आणखी विचारलं तर चहा न पिताच जाईन मी."

मी विचारलं नाही. चहा दिला. त्यांच्या हातात आधीची सगळी पत्रं दिली. तीन महिन्यांची आई एकदम वाचायला मिळणार तुला.

तू सुटल्याचं सांगायला वासुदेवराव येण्याच्या आदल्या दिवशी दोघे जण मोटरसायकलवर आले होते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. एकाने अंगणात पाय ठेवून विचारलं, "आदेश कुठं आहे, माय?" गोड बोलत होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. त्याला पटलं, कारण खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांत जे माहीत नसण्यावर मी रडले, त्याच्याच आडोशाला त्या दिवशी आपण दोघं उभे होतो. ते पुन्हा येतील, वासुदेवराव म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्या.

रात्री बाबा स्वप्नात आले. खडकावर बसले होते, पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं आणि पाय ओले होत नव्हते. वांगी काय भावाने गेली ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, पोरगा जेवला का? मी म्हटलं, पूर्वेकडच्या दारात बसून जेवत असेल. ते समाधानाने उठले आणि नदीतून चालत पलीकडे गेले.

माय


पवनार, १६ डिसेंबर

आदेश,

तुझ्या मनात येत असेल की आई का येत नाही. म्हणून हे लिहिते.

मागच्या सोमवारी नत्थूजी समुद्रपूरकडच्या बैलबाजारातून परत आले आणि बैल बांधायच्या आधी माझ्याकडे आले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वहिनी, आदेश दिसला."

मी सूप खाली ठेवलं.

"बाजारात. एका म्हाताऱ्या बाईच्या मांगं चालून राह्यला होता. तिची पिशवी त्याच्या हातात. ती भाजीवाल्याशी भांडत होती अन् हा मांगं उभा राहून जांभया देऊन राह्यला होता." थोडं थांबून म्हणाले, "अंगानं भरला जी. दाढी केली होती."

त्यांनी भाजीवाल्याला विचारून त्या म्हातारीचं गाव काढलं होतं. मी नको म्हणायच्या आत त्यांनी ते सांगितलंही. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना पोळ्याचं काही आठवलं असावं, कारण ते गोरेमोरे झाले.

"नत्थूजी," मी म्हटलं, "तुमी कोणाले पाह्यलं?"

ते विचार करून म्हणाले, "मी? मी बैल पाहाले गेलतो, वहिनी. बैलच पाह्यले. एकाचं शिंग मोडलं होतं म्हणून सौदा नाई केला." आणि गेले. यावेळी ते बोलणार नाहीत. मला खात्री आहे.

म्हणजे आता मला माहीत आहे. हे माहीत असणं घरात कुठेच ठेवता येत नाही. भाकरी थापताना ते पिठात येतं, वाचायला बसले तर ओळींच्या मधे येतं. ते दोघे मोटरसायकलवाले पुन्हा आले तर या वेळी मला खोटं बोलावं लागेल, आणि माझ्या तोंडाला खोटं बोलणं कसं जमेल ते मला ठाऊक नाही.

आणि गाव किती जवळ आहे रे. सकाळच्या गाडीने निघालं तर दुपारच्या भाकरीला तिथे पोचावं. सोमवारी रात्री मी जायचंच ठरवलं. तिळाचे लाडू केले. मी त्या म्हातारीच्या ओट्यावर बसून काय बोलायचं तेही जुळवलं. पाणी मागायचं आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगायचं, की आमच्या घरी सगळं ठीक आहे. शेळीला दोन पिल्लं झाली. शाळेच्या मैदानावर आता तीस पोट्टे कबड्डीला येतात आणि वासुदेवरावांची शिट्टी फुटली. नत्थूजींना अजून वाटतं की ते गावातले सगळ्यात हुशार आहेत. भिंतीपलीकडून तू हसशील. तेवढंच ऐकायचं आणि परत यायचं. तुझ्याकडे पाहायचंसुद्धा नाही.

पडल्यावर ते सगळं मी पाहिलं, झोपेत का जागेपणी ते सांगता येत नाही. पूर्वेकडचं दार, विहीर, ओट्यावर ऊन. तू हसलास. ती म्हातारी म्हणाली, मांजर आहे. मी म्हटलं, मांजरच असेल. इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी फाटकाबाहेर आले आणि वळून पाहिलं, तर दारात वासुदेवराव उभे होते आणि तू पिशवी भरत होतास. ती म्हातारी तुझे कपडे दोरीवरून काढून देत होती, एकेक, अगदी हळू, जसं मी त्या पोराचे काढून दिले होते. तू गाडीत बसलास आणि पुढे पाहत राहिलास. त्या म्हातारीच्या बाजाराची पिशवी ओट्यावर तशीच पडली होती.

उठून बसले तेव्हा उजाडत होतं. धामेवर खरंखुरं धुकं होतं, खडक दिसत नव्हते.

मला कळलं की तुझ्याकडे जायचं नाही. पण पाय निघायचे थांबत नव्हते. तयार केलेले लाडू होते, गाडीची वेळ होत आली होती, आणि कोणाच्या तरी दारात जाऊन कोणाच्या तरी मुलाबद्दल बोलल्याशिवाय माझा तो दिवस जाणार नव्हता. योगेंद्र आता माझ्याकडे नाही. कुठे आहे ते मला माहीत नाही. म्हणजे त्याच्याबद्दल जे होतं ते सांगितल्याने कोणाचं काही उघडं पडत नाही. पण ते सांगू शकणारं माणूस माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून मंगळवारी मी वर्ध्याला गाडी बदलून अल्लीपूरला गेले, शकुंतलाबाईंच्या दुकानामागच्या ओट्यावर बसले, आणि त्यांचा मुलगा माझ्या घरी कसा झोपायचा, कसा जेवायचा, ते सगळं त्यांना सांगितलं.

माय